विश्वासाच्या सह्या

पार्ल्याची माझी मावशी गेली कित्येक वर्षं मला एकच प्रश्न विचारते, "तू नक्की करतोस काय रे?" मी दर वेळी नवं उत्तर देतो आणि दर वेळी तिचं समाधान होत नाही. "मॅनेजर लोकांना शिकवतो" म्हटलं, तर म्हणते, "ते आधीच मॅनेजर झालेत ना? मग?" या 'मग'साठी माझ्याकडे एकही स्लाइड नाही.

मी करतो ते असं. कंपनीच्या वरच्या माणसाने एक भारदस्त वाक्य बोललेलं असतं. खालच्या माणसाला सकाळी पाना घेऊन नक्की कुठे जायचं, एवढंच कळायला हवं असतं. मधल्या माणसाने त्या वाक्याचं काम करायचं, आणि काम झालं की नाही ते आकड्यात दाखवायचं. ह्या मधल्या माणसांना मी दोन दिवस एका खोलीत बसवतो, रंगीत चिकट कागद वाटतो आणि विचारतो, "हे मोजणार कसं?" स्वतः अठरा वर्षं पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी हाच मधला माणूस होतो. माझ्या हाताखाली आठ जण होते आणि मला काय हवंय ते त्या आठांनाही कळायचं नाही आणि मलाही नाही. जे स्वतःला कधी जमलं नाही तेच लोकांना शिकवायचं, हा धंदा मला नोकरी गेल्यावर सुचला. आजवर कोणी पकडलं नव्हतं. ज्यांनी पकडलं, त्या मुलुंडच्या मॅडम.

कंपनी अंधेरी पूर्वेची, एमआयडीसीतली. काम लिफ्टच्या देखभालीचं. उपनगरांत त्यांच्या आठ शाखा, प्रत्येक शाखेला एक मॅनेजर, त्याच्याकडे मेकॅनिक, आणि मेकॅनिककडे शंभर सोसायट्यांच्या शिव्या. रिसेप्शनवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, 'प्रत्येक मजल्यावर विश्वास'. डायरेक्टरसाहेब उत्साही, पन्नाशीतले, बोलताना खुर्चीत अर्धेच बसणारे. मला म्हणाले, "सर, हा आमचा पाच वर्षांचा प्लॅन आहे. आता तुम्ही ह्याला नंबरमध्ये टाकून द्या."

"नक्की," मी म्हणालो. विश्वास नंबरमध्ये कसा टाकतात ह्याची मला तेव्हा तिळमात्र कल्पना नव्हती. पण नाही म्हणणं हे माझ्या स्वभावातही नाही आणि दरपत्रकातही नाही.

पहिल्या दिवशी आठ शाखांचे आठ मॅनेजर समोर. मी सुरुवातीलाच सांगून टाकलं की बोरिवलीच्या आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा तुमचीच कंपनी बघते, मी तिथला सेक्रेटरी आहे, म्हणजे मी ट्रेनर नंतर, ग्राहक आधी. टाळ्या पडल्या. मला टाळ्या पडल्या की डोकं चालेनासं होतं, हे बायकोचं जुनं निरीक्षण आहे.

दुपारच्या जेवणापर्यंत भिंतीवर चाळीस चिकट कागद लागले होते. विश्वास म्हणजे वेळेवर येणं. विश्वास म्हणजे फोन उचलणं. एकाने 'विश्वास म्हणजे विश्वास' लिहून चिकटवलं होतं आणि तो खाली सही करायलाही विसरला नव्हता. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही मोजता येत नव्हतं. मला घाम फुटायला लागला. तेवढ्यात बोरिवली शाखेचे मॅनेजर उठले. मालवणकडचे, गोल, प्रसन्न गृहस्थ. वडील गिरणीत होते, हे स्वतः लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस लावण्यापासून वर आलेले.

"सर, एवढां डोकां कशाक फोडूचां? सही मोजा ना!"

"कसली सही?"

त्यांनी समजावून सांगितलं. मेकॅनिक महिन्यातून एकदा देखभालीला गेला की एक स्लिप भरतो. त्यावर सोसायटीचं कोणीतरी सही करतं. सही म्हणजे मेकॅनिक गेला, काम झालं, गिऱ्हाईक खूश. स्लिपचा फोटो कंपनीच्या ॲपवर चढतो. महिन्याअखेर सह्या मोजायच्या. झालं.

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. विश्वास म्हणजे सही! मोजता येते, फोटो काढता येतो, रंगीत तक्त्यात टाकता येते. "झकास!" मी ओरडलो आणि फळ्यावर लाल मार्करने लिहिलं, 'प्रत्येक लिफ्ट, प्रत्येक महिना, एक सही'.

मागच्या बाकावरून आवाज आला. "सर, सही कोण करतं ते बघितलंय का कधी?"

ह्या मुलुंडच्या मॅडम. चाळिशीच्या, कडक इस्त्रीचा सलवार कमीज, समोर चिकट कागदांची गड्डी तशीच न फोडलेली. कंपनीत त्या हेड ऑफिसच्या तक्रार कक्षात फोन उचलायला लागल्या होत्या. सोळा वर्षं फोन उचलून, मग सुपरवायझर होऊन, मग दोन वर्षांपूर्वी मुलुंड शाखा मिळालेली. आठांत बाई एकट्याच.

"मॅडम, तो अंमलबजावणीचा तपशील झाला," मी हसून म्हणालो. हे वाक्य मी जिथे उत्तर माहीत नसतं तिथे वापरतो. "आपण आत्ता जरा उंचावरून बघतोय."

"उंचावरून सही दिसत नाही सर."

सगळे हसले. मीही हसलो, आणि माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे बारीक अक्षरांत लिहिलं, 'बदलाला विरोध'. माझ्या वहीतल्या सगळ्यात मूर्ख नोंदींमध्ये ही वरच्या क्रमांकावर आहे, आणि त्या वहीत स्पर्धा मोठी आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डायरेक्टरसाहेब आले, तक्ता बघून जवळजवळ उडालेच. पंचवीस तारखेपर्यंत सगळ्या सह्या आल्या की हिरवा. थोड्या राहिल्या की पिवळा. बऱ्याच राहिल्या की लाल. मी इथेच थांबलो होतो. त्यांनी आपलं एक वाक्य घातलं. "आणि सलग तीन महिने लाल, तर ती शाखा शेजारच्या शाखेत मर्ज. मला आठ शाखा तशाही जास्तच वाटतात."

मी तक्त्यात आणखी एक रकाना आखला. तक्त्याला 'परिणाम' नावाचा एक रकाना असला की तो अधिक व्यावसायिक दिसतो, हा विचार माझ्या मनात आला होता, तो इथे कबूल करतो.

पहिला महिना संपला. बोरिवली हिरवी, शंभरात शंभर. घाटकोपर, कांदिवली हिरव्या. मुलुंड लाल. डायरेक्टरांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्ता टाकला, खाली बोरिवलीला टाळ्यांची माळ. मुलुंडच्या खाली नुसतं प्रश्नचिन्ह.

दुसरा महिना. मुलुंड लाल.

माझ्या कामात महिन्याला एक 'मार्गदर्शनपर' फोन होता. मी मॅडमना फोन लावला आणि पाच वेळा 'का' विचारायचं माझं ठेवणीतलं तंत्र काढलं.

"मॅडम, सह्या कमी का?"

"लोक देत नाहीत."

"का देत नाहीत?"

"चिडलेले असतात."

"का चिडलेले असतात?"

"लिफ्ट बंद ठेवली म्हणून."

"लिफ्ट बंद का ठेवली?"

"सर," त्या म्हणाल्या, "चार झाले. पाचवा 'का' मी विचारू? तुम्ही फोनवर विचारताय, इथे येऊन का बघत नाही?"

मी म्हणालो, बघतो, डायरी बघून सांगतो. डायरी समोरच होती आणि त्या आठवड्यात तिच्यात फक्त दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं.

"लवकर बघा," त्या म्हणाल्या. "पुढचा महिना लाल गेला की मुलुंड घाटकोपरात जाणार. घाटकोपरला मॅनेजर आहेच. मला परत तक्रार कक्षात टेबल देणार आहेत, तसं सांगून झालंय. सोळा वर्षं ज्या खुर्चीवरून उठायला लागली सर, त्या खुर्चीवर तुमच्या तक्त्यामुळे परत बसणार मी."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला वाईट वाटून घेणं सोपं गेलं असतं.

तिसऱ्या महिन्याच्या बावीस तारखेला मी मुलुंडला गेलो. बोरिवलीहून मुलुंड नकाशावर डोंगराच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर. प्रत्यक्षात दोन रिक्षा, एक बस आणि तीन ठिकाणी खणलेला रस्ता. पोचेपर्यंत माझी सगळी तंत्रं घामात भिजलेली. मॅडम मला ऑफिसात न बसवता सरळ एका सोसायटीत घेऊन गेल्या. सात मजले, जुनी इमारत, तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं आणि खालच्या खड्ड्यात एक मेकॅनिक बॅटरी तोंडात धरून काम करत होता. बाहेर 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी आणि पाटीभोवती चार माणसं भांडायच्या तयारीत.

"किती वेळ अजून?" एका आजींनी भाजीची पिशवी जमिनीवर आपटत विचारलं.

"दोन तास, आजी," मॅडम म्हणाल्या.

"गेल्या कंपनीचा माणूस दहा मिनिटांत जायचा!"

"म्हणून तर दोर झिजलाय आजी."

"मला दोर नको सांगूस गं, मला सहावा मजला आहे!"

दोन तासांनी लिफ्ट चालू झाली. मग मॅडमचा नियम मला पहिल्यांदा दिसला. त्यांचा मेकॅनिक सही मागायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला लिफ्टमध्ये घेतो, प्रत्येक मजल्यावर थांबवतो, दार उघडून दाखवतो, लिफ्ट जमिनीच्या पातळीला लागते की नाही ते. मगच स्लिप पुढे. सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त बँकवाले. ते सगळे मजले फिरून आले, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "काम चांगलं आहे. पण सही नाही देणार. लोकांची फार गैरसोय झाली. मला मीटिंगमध्ये उत्तर द्यावं लागतं."

स्लिप कोरी. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "झाला तुमचा एक लाल."

मी विचारलं, "मग बाकीच्या शाखांच्या सह्या कशा येतात?"

"तुम्हाला खरंच माहीत नाही?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर बघतात, पेशंटने 'मी गोळ्या घेतल्याच नाहीत' म्हटल्यावर. "अहो, दिवाळीत मेकॅनिक मिठाईचा डबा घेऊन सेक्रेटरीकडे जातो. डब्याखाली स्लिपांचं पॅड असतं. 'काका, वर्षभर कुठे तुम्हाला त्रास देऊ, एकदाच करून टाका.' काका एक वडी तोंडात टाकतात आणि बाराच्या बारा सह्या करतात. पुढे मेकॅनिक दर महिन्याला एक पान भरतो, फोटो काढतो, ॲपवर चढवतो. लिफ्टजवळ गेला तर गेला, नाही तर नाही. सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी कोणी मोजत नव्हतं म्हणून ते नुसतं आळशीपण होतं. तुम्ही मोजायला लागलात, आता ते काम झालंय."

मला ठसका लागला. मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली. ठसका पाण्याने जाणारा नव्हता. कारण मला काजूकतली आठवली होती. गेल्या दिवाळीत, आमच्या दाराशी, डब्याखाली एक पॅड. 'काका' म्हणाला म्हणून मी जरा नाराज झालो होतो, तेवढंच लक्षात होतं.

घरी आल्या आल्या बायकोला विचारलं, "गेल्या दिवाळीत मी लिफ्टवाल्याच्या कागदांवर सह्या केल्या होत्या का गं?"

"टीव्ही बघत बघत केल्यात. मी विचारलं, वाचलंत का? तर म्हणालात, देखभालीचं आहे, रूटीन आहे. आणि डबा दोन दिवसांत तुम्हीच संपवलात, मला एक वडी मिळाली."

मी बोरिवलीच्या मॅनेजरांना फोन केला. आमच्या सोसायटीच्या स्लिपा पाठवा म्हटलं. पाच मिनिटांत फोटो आले, माणूस कामाला चोख. दर महिन्याची स्लिप, प्रत्येकीवर माझी ठसठशीत सही. त्या महिन्याची तारीख अजून पुढे होती, ती स्लिपही तयार. आमच्या लिफ्टला चौथ्या मजल्यावर चार बोटं खाली थांबायची सवय होती. आम्ही रहिवासी पाय उचलून बाहेर पडायला शिकलो होतो. पाहुणे अडखळायचे, आणि आम्ही त्यांना "सांभाळून हं" म्हणायचो, जणू ते आमच्या इमारतीचं एक वैशिष्ट्य होतं. कागदावर मात्र ही लिफ्ट मी स्वतः महिन्यामागून महिना तपासून मान्य केलेली होती.

"हे काय आहे हो?" मी फोनवर आवाज चढवला.

"सर, तुमी सांगितल्यात तसाच केलंय," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तुम्ही विचारलंत, सही आहे का? आहे. लिफ्ट बघितली का, असं तुमच्या तक्त्यात कुठे होतं?"

"पण तुम्हाला माहीत होतं ना!"

"सर, माझ्याकडे माणसं पाच, लिफ्टा दोनशेवर. खरं काम करायला गेलो तर निम्म्या सह्या येणार नाहीत. मग मी लाल. मग माझी शाखा कांदिवलीत जाणार. आता काय तां तुम्हीच सांगा."

त्यांचा राग येत होता, पण बसायला जागा मिळत नव्हती त्या रागाला. माणूस लबाड नव्हता. मी दिलेली परीक्षा त्याने पहिल्या नंबरात पास केली होती, एवढंच. आणि त्याच्या शंभरात शंभरमधला एक मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डायरेक्टरांना मेल लिहिला. दोन तास लिहिला. मधूनमधून उठून चहा केला. लिफ्ट कंपनीचं पुढचं काम, आठ शाखांच्या सुपरवायझरांचं ट्रेनिंग, जवळजवळ ठरलेलं होतं, हे मेल लिहिताना माझ्या डोक्यात नव्हतं, असं मी सांगणार होतो. पण होतं. त्यामुळे मेल असा झाला: 'सध्याच्या मोजमाप पद्धतीत सूक्ष्म सुधारणांना वाव असल्याचे क्षेत्रभेटीत जाणवले. सही हा निर्देशक अन्य गुणात्मक निरीक्षणांनी समृद्ध करता येईल का, यावर एकत्रित चिंतन व्हावे.' असे चार परिच्छेद. प्रत मुलुंडच्या मॅडमना.

डायरेक्टरांचं उत्तर तीन मिनिटांत आलं. दोन अंगठे, आणि 'सुपर, सर'.

चौथ्या मिनिटाला मॅडमचा फोन.

"सर, हे कोणासाठी लिहिलंत?"

"तुमच्यासाठीच की."

"ह्यात माझी शाखा कुठे आहे?"

"तिसऱ्या परिच्छेदात सूचित केलंय."

"आणि सह्या खोट्या आहेत, ते?"

"तेही सूचित..."

"सर, मी सोळा वर्षं फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकल्यात. माणूस लिफ्टमध्ये अडकला की 'मी अडकलोय, काढा' म्हणतो. 'सूक्ष्म सुधारणांना वाव आहे' असं म्हणणारा अजून भेटला नाही." आणि लगेच, "पंचवीस तारीख परवा आहे. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी माझं बघते."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. बायको कोबी चिरत होती. म्हणाली, "काय झालं?" मी मेल वाचून दाखवला. दुसऱ्या परिच्छेदाला ती म्हणाली, "कोण गेलं?"

मग मी दुसरा मेल लिहिला. तो लिहायला पाच मिनिटं लागली आणि पाठवायला पाऊण तास. 'सह्या वर्षभराच्या आधीच घेतलेल्या असतात. त्यातल्या बारा माझ्या आहेत. सोबत फोटो. तुमच्या मॅनेजरांना चुकीची गोष्ट मोजायला मी शिकवलं. मुलुंडला सह्या कमी आहेत, कारण तिथे काम होतं. ह्या तक्त्यावरून ती शाखा बंद करू नका.'

ह्या वेळी अंगठे आले नाहीत. संध्याकाळी फोन आला, परवा अकराला या.

पंचवीस तारखेला अंधेरीच्या त्याच खोलीत आम्ही चौघं होतो. डायरेक्टर, मॅडम, बोरिवलीचे मॅनेजर आणि मी. भिंतीवर मोठ्या पडद्यावर आमच्या सोसायटीच्या स्लिपा. माझी सही इतकी मोठी मी कधी पाहिली नव्हती. शेवटी मी जो एक फराटा मारतो, तो तिथे फार उर्मट दिसत होता.

डायरेक्टर आधी हसले. "म्हणजे सर, आमचा सगळ्यात समाधानी कस्टमर तुम्हीच!" मग गंभीर झाले. मला वाटलं, आता कळलं. ते म्हणाले, "ओके. सोपं आहे. सहीबरोबर फोटो मागू. मेकॅनिकचा लिफ्टमध्ये उभं राहून सेल्फी. फोटोशिवाय सही मोजायची नाही."

बोरिवलीवाले माझ्या कानाशी पुटपुटले, "फोटो तर अजून सोपो, सर. एकाच फेरीत बारा शर्ट बदलून काढू."

मला इतका वैताग आला की मी मार्कर टेबलावर आपटला. "अहो साहेब, मेकॅनिक लिफ्टमध्ये उभा राहिला म्हणजे लिफ्ट नीट झाली असं नाही ना! मीही रोज उभा राहतो!" तोल गेला होता. हे मी माझ्या ट्रेनिंगमध्ये 'काय करू नये' ह्या स्लाइडवर शिकवतो.

डायरेक्टरांनी भुवया वर केल्या. "मग काय मोजू? तुम्हीच सांगा. त्यासाठीच तर बोलावलं होतं तुम्हाला."

चार महिने ह्या लोकांबरोबर काढून माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि त्या खोलीत हे मला सोडून सगळ्यांना आधीच माहीत असावं.

मॅडम म्हणाल्या, "साहेब, देखभाल झाल्यावर महिन्याभरात त्याच लिफ्टचा परत फोन आला का, ते मोजा. फोनची नोंद तक्रार कक्षात असते, आपल्या शाखेत नसते. तिथे कोणाला मिठाई देऊन उपयोग नाही. मी होते ना तिथे, मला माहीत आहे."

डायरेक्टरांनी तिथल्या तिथे तक्रार कक्षाला फोन लावला. पंधरा मिनिटांनी यादी आली. घाटकोपर सगळ्यात चांगली निघाली, मुलुंड तिच्याखाली. बोरिवली तळाला. बोरिवलीवाल्यांनी यादी दोनदा वाचली. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"सर, तुमच्या सोसायटीचो एकही फोन नाय."

"कसा असेल?" मी म्हणालो. "सगळं व्यवस्थित आहे अशी सही दिल्यावर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? रहिवाशांनाही मीच सांगत होतो, जाऊ द्या, चार बोटांचा तर प्रश्न आहे."

म्हणजे नव्या मापातही मी हिरवा होतो. मॅडमना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. मला मात्र आलं नाही.

डायरेक्टर खिडकीपाशी गेले, परत आले. "ठीक आहे. ह्या महिन्यापासून परत आलेले फोन मोजू. सह्या बंद. बोरिवलीला दोन माणसं वाढवायचं बघू. आणि सर," माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "सुपरवायझरांचं ट्रेनिंग सध्या जरा थांबवू या."

"हो, हो," मी म्हणालो. काय म्हणणार?

मीटिंग संपली असं समजून ते उठले. मॅडम बसून राहिल्या.

"साहेब, मुलुंडचं काय?"

"अरे, झालं ना मॅडम. डोण्ट वरी."

"तीन महिने लाल आहे ते सगळ्या ग्रुपवर गेलंय. घाटकोपरने टेबलंसुद्धा मोजून ठेवलीत. झालं म्हणजे काय झालं, ते लिहून द्या. सगळ्यांना."

"आत्ता?"

"आत्ता. मुलुंडला लिफ्ट उघडून माणूस खड्ड्यात बसलाय. मला जायचंय."

डायरेक्टरांनी मोबाइल काढला, उभ्याउभ्याच टाइप केलं. मॅडमचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, मग माझ्यापुढे धरला. 'मुलुंड शाखेच्या विलीनीकरणाबाबत योग्य वेळी फेरविचार केला जाईल.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलायची पाळी माझी होती, हे मला ह्या वेळी न सांगता कळलं.

"साहेब," मी म्हणालो, "'फेरविचार' नको. 'मुलुंड शाखा विलीन होणार नाही' असं लिहा."

"सर, भाषा जरा..."

"पाच शब्द आहेत."

त्यांनी एक निःश्वास सोडला आणि अंगठा पुन्हा चालवला. फोन दुसऱ्यांदा वाजला. मॅडमनी ओळ वाचली, परत वाचली, ओठ हलवत शब्द मोजले असावेत. मग फोन पर्समध्ये टाकला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि दारातून मला म्हणाल्या, "आधी आला असतात सर, तर तीन महिने वाचले असते."